गावच्या घरातली पिठाची गिरणी : १५ दिवसांची नोटीस, ६ महिन्यांची, की "बघू की"?

वारणाकाठचा
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चूकभूल सांभाळून घ्या.

शिराळा तालुक्यात (जि. सांगली) गावठाणात आमचं जुनं माडीचं घर आहे. रस्त्याकडचे दोन खण वडिलांनी २००६ साली पिठाच्या गिरणीला भाड्याने दिले. कागद नाही, सगळं तोंडी. तेव्हा भाडं ४००, आता १२००. वडील २०२१ ला गेले. मी पुण्यात, बहीण कराडला, आई एकटी गावी. आईचे गुडघे पार गेलेत, झोपायची खोली माडीवर आणि संडास मागच्या अंगणात, म्हणजे रात्री उठली की चौदा पायऱ्या उतरायच्या, तेही टॉर्च धरून. पुण्याला यायचं नाव काढत नाही. म्हणून ते दोन खण मोकळे करून तिथे तिची खोली आणि आतच संडास-बाथरूम करायचा विचार आहे.

गिरणीवाल्या तात्यांना दिवाळीत सांगितलं, म्हणाले "बघू की". शिमग्याला विचारलं, "बघू की". मागच्या आठवड्यात त्यांचा मुलगा म्हणाला, एकोणीस वर्षं झाली, आता आमचा हक्क लागलाय, कोर्टात जावा. तर खरंच असा काही हक्क लागतो का, आणि गावाकडच्या घराला भाडेकरूचा नेमका कुठला कायदा लागतो? पुण्यातल्या एका ओळखीच्या वकिलाने दहा मिनिटं रेंट अ‍ॅक्ट समजावला आणि शेवटी विचारलं "गाव कुठल्या महानगरपालिकेत येतं?"

झोपाळू_मांजर
११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट का नाही केलंत पण???

वारणाकाठचा
अहो २००६ साली आमच्या गावात भाड्याचा कागद मागितला असता तर लोकांनी वडिलांनाच खुळ्यात काढलं असतं.

दणका
सोपं आहे. तात्या लग्नाबिग्नाला गेले की कुलूप घाला. वायर काढून टाका. गिरणी विजेशिवाय चालत नाही, आठ दिवसांत स्वतःहून जातात.

काळा_कोट
दणका, कृपा करून हे सल्ले देऊ नका, त्यातून माझंच काम वाढतं.

वारणाकाठचा, तुमच्या वकील मित्राने शेवटी विचारलं ते सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, पण तो सरसकट सगळ्या महाराष्ट्राला नाही. कलम २ वाचा. कायद्याच्या मागे अनुसूची आहेत, त्यात ज्या गावा-शहरांची नावं आहेत तिथे तो लागू. शिवाय विदर्भात नि मराठवाड्यात जिथे जुने भाडेकायदे चालू होते ते भाग. मुंबई-पुण्यात बसून माणसाला वाटतं कायदा म्हणजे रेंट अ‍ॅक्टच. गाव यादीत नसेल तर तुमचं भांडण मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ खाली जातं आणि खेळच बदलतो.

बदलतो म्हणजे कसा, तर रेंट अ‍ॅक्ट असेल तर भाडेकरू भाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे तोवर त्याला काढता येत नाही (कलम १५), काढायचं तर कलम १६ मधलं कारण सिद्ध करावं लागतं: पोटभाडेकरू ठेवला, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं, सहा महिने जागा वापरलीच नाही, मालकाला स्वतःला खरी गरज आहे वगैरे. गरजेच्या बाबतीत कोर्ट परत दोघांच्या अडचणी तराजूत घालतं. १८८२ च्या कायद्यात असं काही नाही. कारण लागत नाही. कलम १०६ ची नोटीस द्या, मुदत संपली की भाडेकरार संपला, तरी जात नसेल तर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरांकडे ताब्याचा दावा.

तेव्हा पहिलं काम: गाव यादीत आहे का बघा. दुसरं: भाड्याच्या पावत्या कुणाकडे काही आहेत का.

चहा_बिस्किट
म्हणजे मुंबईत चाळीत ८० रुपये पागडीवाल्याला हात लावता येत नाही आणि गावातल्या भाडेकरूला मात्र नोटीस दिली की झालं? उलट वाटलं होतं मला.

काळा_कोट
हो, उलटंच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत घरं मिळेनात म्हणून १९४७ चा बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट आला. खेड्यात घरांची टंचाई असते हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

सोलकढी
आमच्याकडे कोकणात हे असलं कुणाला भाड्याने द्यायचंच नाही असा आजीचा दंडक होता. "कूळ लागेल हो" म्हणायची. अख्खी पडवी रिकामी पडली, वाळवी लागली, पण भाडेकरू नको. तुमच्या तात्यांना पण कूळकायदा लागू होईल का? एकोणीस वर्षं म्हणजे बरीच झाली.

काळा_कोट
सोलकढी, कूळ जमिनीला. घराला भाडेकरू. १९४८ चा कूळकायदा कसणाऱ्यासाठी आहे, १ एप्रिल १९५७ ला म्हणजे कृषक दिनाला जो जमीन कसत होता तो मालक मानला गेला, त्याची धास्ती तुमच्या आजीच्या पिढीने घेतली आणि मग घरालाही तोच शब्द चिकटला. गिरणीला कूळकायदा लागत नाही.

सोलकढी
आजी असती तर म्हणाली असती, तुला काय माहीत, तुझा काळा कोट काल शिवलाय. :)

काळा_कोट
आजींचं अगदीच चूक नव्हतं मात्र. त्याच कायद्यात कलम १६-१७ आहेत: कुळाने मालकाच्या जागेवर स्वतःच्या खर्चाने राहतं घर बांधलं असेल तर त्याला त्या घरातून असं सहज काढता येत नाही, आणि मालकाने ती जागा विकायला काढली तर पहिला हक्क कुळाचा. कोकणातल्या कितीतरी वाड्या अशाच उभ्या आहेत, जमीन खोताची, घर कुळाचं.

मांडवीपार
गोव्यातून हजेरी. हेच आमच्याकडे मुंडकार. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात, म्हणजे बागेत राहणारा, माड राखणारा, त्याचं घर तिथंच. १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आहे, पंचायत भागात घराभोवतीची ३०० चौरस मीटरपर्यंत जागा मुंडकार विकत घेऊ शकतो, मामलेदाराकडे अर्ज करायचा. पण गंमत म्हणजे जो घराचं भाडं देतो तो मुंडकार नव्हेच! आमच्या वाड्यावर एक म्हातारा भाटकार होता तो मुद्दाम दर महिन्याला दोन रुपये भाडं घ्यायचा आणि रीतसर पावती फाडायचा. लोकांना वाटायचं कंजूस आहे. कंजूस कसला, पुढचं बघणारा होता.

झोपाळू_मांजर
दोन रुपयांची पावती, काय डोकं आहे.

नमुना_आठ
मी ग्रामसेवक (आता कागदावर आम्ही ग्रामपंचायत अधिकारी झालोय पण गाव काय ऐकत नाही). वारणाकाठचा, एक काम आजच करा. ग्रामपंचायतीतून तुमच्या मिळकतीचा नमुना ८ चा उतारा काढा. त्यात मालकाचा रकाना वेगळा आणि भोगवटादाराचा वेगळा. गिरणीवाल्याने कधी वीज जोडणीसाठी किंवा लायसन्ससाठी घरपट्टी स्वतः भरून भोगवटादार म्हणून नाव लावून घेतलं असेल तर ते तिथे दिसेल. पोराला "हक्क लागला" हे तिथूनच सुचलं असणार, माझ्याकडे महिन्याला एक तरी येतो हा उतारा छातीशी धरून.

आणि वडील गेल्यावर वारस नोंद केलीत का? नसेल तर नमुना ८ ला अजून वडीलच मालक.

वारणाकाठचा
वारस नोंद... नाही केली. :( लाईटचं मीटर पण माहीत नाही कुणाच्या नावावर आहे.

भोगवटादार नाव लागलं असेल तर गेलं का घर हातातून?

काळा_कोट
नाही हो. नमुना ८ हे कर आकारणीचं रजिस्टर आहे, त्याने मालकी येत नाही नि जात नाही. उलट भोगवटादार म्हणून नाव आहे म्हणजे मालक दुसरा आहे हेच त्याने मान्य केलं.

आणि "इतकी वर्षं झाली म्हणून हक्क" हे बारा वर्षांच्या विरुद्ध कब्जाचं (मालकाच्या मर्जीविरुद्ध जागा धरून बसलेल्याला मिळणारा हक्क) अर्धवट ऐकलेलं असतं. जो तुमच्या परवानगीने आत आला, भाडं देत राहिला, त्याचा कब्जा विरुद्ध कसा? एकोणीस काय एकोणचाळीस वर्षं झाली तरी तो भाडेकरूच. फक्त एक ध्यानात ठेवा, नोटीस देऊन भाडेकरार संपवलात तर त्या दिवसापासून ताबा मागायला बारा वर्षांची मुदत सुरू होते. नोटीस देऊन झोपू नका.

वारस नोंद करून घ्या. नोटीस आई, तुम्ही आणि बहीण तिघांच्या नावाने गेलेली बरी.

मक्याच्या_देशी
आयोवातून लिहितोय, आजूबाजूला मैलोनमैल मका. इथे भाडं थकलं की तीन दिवसांची लेखी नोटीस, नाही भरलं तर काउंटीच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात, आणि ऑर्डर निघाली की शेरीफ दारात. महिन्यावारी भाडेकरूला काढायचं तर तीस दिवस. सगळं इतकं झटपट की आधी मला भारी वाटायचं. मग आमच्या शेजारची बाई, दोन पोरं, मक्याच्या प्लांटवर शिफ्ट करायची, तिचं सामान एका मंगळवारी सकाळी लॉनवर आलं. गादी, मुलांची सायकल, मायक्रोवेव्ह, आणि वरून पाऊस. गाव इतकं छोटं की शेरीफचा तो डेप्युटी तिच्या पोराचा बेसबॉलचा कोच होता. तो गादी आत व्हरांड्यात ओढत होता, एकीकडे तिच्याकडून कागदावर सही घेत होता.

त्यानंतर "बघू की" मला तितकं वाईट वाटत नाही.

दणका
अमेरिकेत शेरीफ येतो, इथे मी कुलूप लावा म्हटलं तर मी वाईट.

काळा_कोट
शेरीफ कोर्टाचा कागद घेऊन येतो. इथेही बेलीफ येतो तसाच. तुम्ही कुलूप घेऊन जाताय.

पुढची_तारीख
दणका, माझ्या चुलत्यांनी केलेलं आहे हे. तालुक्याच्या गावी त्यांच्या गाळ्यात सायकल दुरुस्तीवाला होता. तो लेकीच्या बाळंतपणाला गेला तेव्हा काकांनी कुलूप तोडून त्याचं सामान, पंप, ट्यूबा, सगळं पोत्यात भरून मागच्या परड्यात टाकलं आणि स्वतःचं कुलूप घातलं. त्याने विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम ६ खाली दावा लावला. त्या दाव्यात मालक कोण हे विचारतच नाहीत, फक्त एवढंच विचारतात की गेल्या सहा महिन्यांत याला कायद्याची वाट सोडून बाहेर काढलं का. काढलं. ताबा परत द्या. झालं. काकांनी स्वतःच्या गाळ्याच्या किल्ल्या कोर्टात त्याच्या हातात दिल्या. वर अपीलही नाही त्या कलमाला. तो सायकलवाला पुढे नऊ वर्षं बसला तिथे, आणि काकांना बघून मुद्दाम घंटी वाजवायचा.

आता मूळ मुद्द्यावर. मीही कोर्टातलाच, नाव बघून ओळखलं असेलच. काळा_कोट यांच्याशी एका ठिकाणी असहमत. त्यांनी "कलम १०६ ची नोटीस" म्हटलं पण कितीची ते नाही सांगितलं. साध्या दुकानाला किंवा घराला १५ दिवस. पण भाडं शेतीसाठी किंवा उत्पादनासाठी असेल तर ६ महिने. आणि पिठाची गिरणी हे उत्पादन आहे! धान्य आत जातं, पीठ बाहेर येतं, दोन्ही वेगळ्या वस्तू, असा सुप्रीम कोर्टाचाच निकाल आहे, १९८२ च्या एआयआरमध्ये (निकाल छापणारं नियतकालिक) छापलेला, त्यातही गिरणीच होती आणि मालकाची कमी मुदतीची नोटीस उडाली. १५ दिवसांची द्याल तर पाच वर्षांनी अपिलात कळेल की पहिलाच कागद चुकला होता.

काळा_कोट
निकाल माहीत आहे. पण २००१ चाही वाचा. उत्पादनासाठीचं भाडं वर्षावारी मानायचं तर वर्षावारी भाडेपट्टा कलम १०७ प्रमाणे नोंदणीकृत लागतो. इथे कागदाचा पत्ता नाही, भाडं महिन्याला. मग ते महिन्यावारीच, आणि १५ दिवस पुरतात.

पुढची_तारीख
हे तुम्ही मला पटवाल, कनिष्ठ स्तर साहेबांनाही पटवाल, पण समोरचा वकील त्यावर दोन वर्षं काढेल ती कोण भरून देणार?

चहा_बिस्किट
दोन वकील भांडताहेत आणि फी लागत नाहीये, लाभ घ्या लोकहो.

काळा_कोट
खरंय, भांडण्यात अर्थ नाही. वारणाकाठचा, सरळ सहा महिन्यांची द्या. जास्त मुदतीने नोटीस बिघडत नाही. नोटीस मिळाल्या दिवसापासून मोजायचे, महिनाअखेर वगैरे बघायची गरज आता उरली नाही. सहा महिन्यांत आईच्या खोलीचा नकाशा तरी होईल.

आणि मुदत संपल्यानंतर भाडं घेऊ नका!! हल्ली फोनपेवर पैसे येऊन पडतात, आपण बघतही नाही, आणि मग समोरचा म्हणतो बघा, नोटिशीनंतरही भाडं घेतलं म्हणजे नोटीस सोडून दिली. आले तर लगेच लेखी कळवा की हे नुकसानभरपाई म्हणून हरकत राखून घेतलंय.

अकोल्याची_अक्का
तुम्ही लोक सहा महिन्यांत रडताय! आमच्याकडे सी.पी. अँड बेरारचा (जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचा) १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता तेव्हा सासऱ्यांनी आधी रेंट कंट्रोलरकडून "नोटीस देऊ का" याची परवानगी काढायला तारखा केल्या, मिळाली, मग नोटीस, मग परत दिवाणी दावा. परवानगी मिळाली तेव्हा माझा मोठा पोट्टा बालवाडीत होता, भाडेकरू निघाला तेव्हा दहावीला. निघाला तोही स्वतःचं घर बांधून झालं म्हणून. वास्तुशांतीला आम्हालाच बोलावलं बाप्पा, आम्ही गेलो पण.

माजी_सुभेदार
फौजी लोकांसाठी १९९९ च्या कायद्यात कलम २३ आहे. सेवेतला, निवृत्त किंवा त्याची विधवा, स्वतःला राहायला घर हवं असेल तर अधिकाऱ्याचा दाखला जोडून सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज. मी सातारा शहरातलं घर तसंच सोडवलं. वारणाकाठचा, घरात कुणी फौजी आहे का?

वारणाकाठचा
सुभेदार साहेब, चुलत भाऊ आहे पण घर त्याच्या वाटणीचं नाही. आणि काल शिराळ्याच्या वकिलांना भेटलो, आमचं गाव अनुसूचीत नाहीच म्हणाले.

माजी_सुभेदार
मग माझं कलम बॅरेकमध्येच राहिलं. जय हिंद.

उंबऱ्यापलीकडे
इतका वेळ वाचत होते. इथे सगळे मालकाच्या बाजूने बोलतायत म्हणून लिहिते. मी भाडेकरूची मुलगी. बाबांचं टेलरिंगचं दुकान होतं, एका तालुक्याच्या गावी, मागे एक खोली, त्यात आम्ही पाच जण. मालक चांगले होते. मुलगा नोकरीहून परत आला तेव्हा आठ दिवसांत जागा हवी म्हणाला. बाबांनी कोर्टाचा विचारही केला नाही, मशीन डोक्यावर घेऊन बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाला गेले. जागा मिळाली हो, पण गिऱ्हाईक नाही आलं मागे. गावात दुकान म्हणजे भिंती नसतात, बायका पाण्याला जाता जाता ब्लाऊज टाकून जातात ती वाट असते. दोन वर्षांत बाबा एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले.

गिरणीचं तर अजून अवघड. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन माणूस किती लांब जाणार? तुमचे तात्या "बघू की" म्हणतात म्हणजे टाळतायत असं तुम्हाला वाटतं, मला वाटतं त्यांना उत्तर माहीत नाहीये. आईला खोली हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण नोटीस पोस्टाने जाण्याआधी तुम्ही स्वतः किती वेळ बसलात त्यांच्याबरोबर? दिवाळीत पाच मिनिटं आणि शिमग्याला पाच?

दणका
मग काय मालकाने फुकट पोसायचं?

उंबऱ्यापलीकडे
१२०० रुपये महिना देतायत ते, फुकट नाही.

झोपाळू_मांजर
उंबऱ्यापलीकडे +१. डोळ्यात पाणी आलं.

पुढची_तारीख
यावरून आठवलं, कोर्टाआधी तालुका विधी सेवा समितीत दाखलपूर्व अर्ज करता येतो, दोघांना बोलावतात, जमलं तर लोकअदालतीत तडजोड लिहून घेतात आणि तिला हुकूमनाम्याचा दर्जा असतो, अपील नाही. आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज आईंच्या नावाने करा.

नमुना_आठ
तंटामुक्ती समितीत पण मांडता येईल, २००७ ला मोहीम सुरू झाली तेव्हा लय जोरात होती. आता बऱ्याच ठिकाणी अध्यक्ष निवडण्यावरूनच तंटा असतो म्हणा.

सोलकढी
अवांतर: गिरणीचं दगडावरचं पीठ आणि ते पाकिटातलं पीठ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भाजणी दळायला दिली की अख्ख्या आळीला कळायचं.

चहा_बिस्किट
अवांतर २: आमचा गिरणीवाला गव्हावर ज्वारी दळायचा, भाकरीला चिकटपणा आला की आई म्हणायची आज वरचा नंबर पाटलांचा होता.

मक्याच्या_देशी
इथे मका इतका, पण भाकरीचं पीठ इंडियन स्टोअरमधून, दीड तास ड्राइव्ह करून.

वारणाकाठचा
मंडळी, धाग्यावर येऊन महिना झाला, अपडेट देतो.

उंबऱ्यापलीकडे, तुमचं वाचून दोन दिवस गप्प बसलो होतो. मग रजा टाकून गावी गेलो. नमुना ८ काढला, मालक वडीलच आहेत, भोगवटादार म्हणून तात्यांचं नाव २०११ पासून, वडिलांनीच संमती दिलेली, थ्री फेज कनेक्शनसाठी. आईला माहीत होतं, मी विचारलंच नव्हतं. वारस नोंदीचा अर्ज दिला.

मग माळ्यावरची वडिलांची ट्रंक काढली. त्यात पावती पुस्तक सापडलं, बाजारात मिळतं ते साधं, कार्बन घालून लिहायचं. स्थळप्रती सगळ्या जागेवर, २००६ ते २०१३, दर महिन्याची "गिरणी भाडे", पुढे फाडायचंच बंद केलेलं. काही पानं पीठ बसून कडक झालेली. आणि पहिल्या पावतीच्या पाठीमागे वडिलांच्या अक्षरात: "पाया, कोबा, पत्रे तात्याने केले. खर्च ११,०००. भाड्यात वळते करणे." वळते केल्याची एकही नोंद पुढे नाही. पुस्तक दोनदा चाळलं.

संध्याकाळी गिरणी बंद व्हायच्या वेळेला जाऊन बसलो. तात्या दगडाला टाकी मारत होते, भुवया पांढऱ्या. पुस्तक दाखवलं. मागचं पान वाचलं, बोटाने पीठ झटकलं आणि म्हणाले, "तुझा बाप विसरला नव्हता तर." मला वाटलं आता पैसे मागतील. मागितले नाहीत. म्हणाले, पोरगं कायदा बोलतंय कारण मला बोलता येत नाही, गिरणी हलवायची तर कुठं, खालच्या आळीला दुसरी गिरणी आहे, तिथं गेलो तर दोघंबी मरू.

तर आमच्याच परड्यात जुना गोठा आहे, म्हशी विकल्यापासून रिकामा. तो रस्त्याला लागून नाही पण बोळातून सहा-सात पावलं. आई म्हणाली तिथं न्या, मला आवाज लांब होईल आणि दळणवाल्या बायका पण येतील-जातील, मी काय दिवसभर भिंतीशी बोलू का. तात्या कबूल आहेत, मुलगा अजून फुगलेला आहे. ११,००० मी कोब्याला आणि पत्र्याला घालतोय. दिवाळीनंतर हलवायचं ठरलंय. पण या वेळी कागद करायचा, तात्याच म्हणाले, "आता पोरांची पोरं भांडतील."

आता प्रश्न. लिव्ह अँड लायसन्स (जागा वापरायची नुसती परवानगी) करायचा का भाडेपट्टा? गोठ्याची नमुना ८ ला वेगळी नोंदच नाही, मग मिळकत क्रमांक काय घालू? आणि महावितरणचं मीटर हलवायला जुनीच संमती चालते का नवीन?

दणका
काय राव, सिनेमा झाला. कुलूप राहिलं माझं.

अकोल्याची_अक्का
दणकाभाऊ, ते कुलूप आता गोठ्याला लागेल.

काळा_कोट
लिव्ह अँड लायसन्स करा, मुदत तीन वर्षं किंवा पाच, तुमचं ठरेल तसं. त्यात आवर्जून लिहा की जुने दोन खण रिकामे करून अमुक तारखेला ताबा परत दिला, जुनं भाडं संपलं, नाहीतर दोन्ही जागांवर हक्क सांगायला वाट राहील. मशिनरी तात्यांची, जाताना ते नेणार. पाया नि कोबा कुणाचा तेही लिहा, तुमच्या वडिलांसारखं पाठकोऱ्या जागेत नको. नोंदणी करा, ग्रामीण भागात नोंदणी फी ५००, शहरात १०००, आणि मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, अनामत घेतली तर तिच्यावरचं धरलेलं व्याज मिळवून. फार नाही.

नमुना_आठ
मिळकत क्रमांक घराचाच घाला, त्यात "पैकी परड्यातील गोठा" आणि लांबी-रुंदी, चतुःसीमा लिहा. पण त्याआधी ग्रामपंचायतीत गोठ्याची आकारणी करून घ्या, आता तो व्यापारी वापर होणार, घरपट्टीचा दर बदलेल. मीटरला नवीन संमतीपत्र द्या, तिन्ही वारसांच्या सह्यांचं. बहिणीची सही विसरू नका, कराडहून परत बोलवावं लागेल.

वारणाकाठचा
बहीण रविवारी येतेच आहे, तिची ज्वारी दळायची आहे म्हणाली.